संगणकाचा ध्वनी पूर्ववत करणेबाबत

निवृत्त माणसाच्या नावानं सरकारी पत्र आलं की घरात आधी संशय येतो. पोस्टमननं फाटकातून लिफाफा टाकला तेव्हा आमच्या सौभाग्यवती सुंदराबाई तो उजेडात धरून उलटसुलट करत म्हणाल्या, "दीक्षाचे बाबा, काय करून ठेवलं व्हतं तुमी नोकरीत?"

पत्र अकोल्याच्या एका प्रशिक्षण केंद्राचं होतं. नव्यानं रुजू झालेल्या चाळीस लिपिकांना 'टिप्पणी लेखन' या विषयावर मी, देवमन तायडे, सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक, अमरावती, येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दीड तास ऑनलाइन मार्गदर्शन करावं, अशी विनंती होती. मी ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा मोठ्यानं वाचायला घेतलं, तर सुंदराबाई दुसऱ्याच ओळीला उठून गॅसवरचं दूध पाहायला गेल्या.

हेच माझं दुखणं आहे, ते इथेच सांगून टाकतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत माझं एकही वाक्य कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मुलगी दीक्षा पुण्याहून फोन करते आणि "बाबा, बरे आहात ना, आईकडे द्या" एवढं एका श्वासात म्हणते. ऑफिसात मी नुसता चष्मा पुसायला लागलो तरी सहा माणसं पेन उघडून बसायची. आता चाळीस माणसं दीड तास माझ्यासमोर बसणार होती, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की प्रशिक्षणार्थींची हजेरी शेवटी घेतली जाईल. म्हणजे उठून जायची सोय नाही. पत्र लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात दुवा दिला.

पत्राच्या तळाशी दोन ओळी होत्या. एक, वक्त्यांनी संगणकावरूनच जोडावे, मोबाइल चालणार नाही. दोन, वक्त्याकडे ध्वनीची अडचण आढळल्यास राखीव वक्ते श्री. चंद्रभान गावंडे, सेवानिवृत्त अधीक्षक, अकोला, हे मार्गदर्शन करतील. हा चंद्रभान विभागीय बैठकांत वीस वर्षं माझ्या शेजारी बसला आणि माझ्या टिप्पण्यांतली वाक्यं उचलत आला. त्यातही 'सबब' हा शब्द तो वाट्टेल तिथे घालतो. त्या माणसाच्या तोंडून चाळीस कोवळे लिपिक टिप्पणी शिकणार, ही कल्पना मला सहन होईना.

संगणक आमच्याकडे आहे. ऑफिसात अकरा वर्षं माझ्या टेबलावर असलेलाच तो. शासनानं तो निर्लेखित केला, म्हणजे कागदोपत्री निकामी ठरवून लिलावात काढला, आणि काही महिन्यांनी एका भंगारवाल्याकडे मला तो दिसला. डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कार्यालयाचं नाव आणि 'सं. क्र. ७' लिहिलेलं तसंच होतं. मला राहवलं नाही. ऑटोत मांडीवर घेऊन मी त्याला घरी आणला. भाच्यानं आत नवी डिस्क बसवून दिली. तेव्हापासून मी त्यावर पत्ते खेळतो. पत्त्यांना आवाज लागत नाही. शिवाय उन्हाळ्यात आमच्या खोलीतला कूलर चालू असला की शेजारच्या खोलीत लग्न लागलं तरी कळणार नाही. त्यामुळे या यंत्राला आवाज नाही, हे मला शनिवारी सकाळी कूलर बंद करून सराव करायला बसलो तेव्हा कळलं.

पडद्याच्या कोपऱ्यात भोंग्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. मी नवे स्पीकर, माइक आणि कॅमेरा आणून जोडले. फुली तशीच. संगणकात दोष शोधायची स्वतःची एक सोय असते, ती चालवली. बराच वेळ विचार करून त्यानं कळवलं की कोणतेही ध्वनी साधन आढळून आलेले नाही. दोन स्पीकर त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलेले असताना. मी तेहतीस वर्षं सरकारी उत्तरं लिहिली आहेत, पण इतकं कोडगं उत्तर माझ्याही हातून कधी गेलं नव्हतं.

एव्हाना बातमी गल्लीत पसरली होती. समोरच्या रुख्मिणीताई आल्या. त्यांनी यंत्राकडे आणि कूलरकडे आळीपाळीनं पाहिलं. "कूलरचा ओलावा शिरला त्याच्यात. आमचा मोबाइल पान्यात पडला व्हता, तं दोन दिस तांदळात ठेवला. बोलाले लागला." मी दोन्ही स्पीकर तांदळाच्या डब्यात पुरले. रविवारी दुपारी सुंदराबाईंनी खिचडीसाठी डबा उघडला आणि आत हात घातला. त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी शेवटपर्यंत ऐकलं, कारण मलाही उठून जायची सोय नव्हती.

मग आले नत्थुजी. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा आहे. त्यांच्या मते जगातलं प्रत्येक यंत्र हे बोअरच्या मोटरचंच भावंड असतं. त्यांनी संगणकाला कान लावला. "फॅन फिरून राहिला म्हंजे लाइन आहे. आवाज कमजोर पडला असन. थांबा, आपल्याकडं मोठी मशीन आहे," म्हणून ते गेले आणि हिरव्या रंगाचा एक भोंगा घेऊन आले. बगीच्यात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेतकरी लावतात तो. त्यात वाघाची डरकाळी भरलेली असते, दर पाच मिनिटांनी ती आपोआप वाजते. नत्थुजींनी त्याची वायर संगणकाला जोडली आणि बटण दाबलं.

संगणक गप्पच राहिला. वाघ बोलला. भर वस्तीत, दुपारी तीन वाजता, पूर्ण ताकदीनं बोलला. गल्लीतली सगळी कुत्री एकदम आमच्या घराच्या उलट दिशेनं निघाली. रुख्मिणीताईंच्या ओट्यावरून काहीतरी काचेचं पडलं. नेमका त्याच वेळी चंद्रभानचा फोन होता. तो रोज विचारपूस करायला फोन करत असे.

"देवमनजी, जमलं काय आवाजाचं?" त्याच्या विचारण्यात फार माया होती. मी उत्तर द्यायच्या आत दुसरी डरकाळी झाली.

"चाचणी चालू आहे," मी सांगितलं आणि फोन ठेवला.

"आवाज तं आला ना?" नत्थुजी समाधानानं म्हणाले.

सोमवारी मी यंत्र उचलून बाजारात दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं ते सुरू करताना दोन-तीन बटणं दाबली, तेव्हा पडद्यावर निळी पाटी आली आणि पासवर्ड मागू लागली. मी कुठलाही पासवर्ड कधी ठेवला नव्हता. दुरुस्तीवाल्यानं डबा वळवून पाहिला. पांढरा ऑइलपेंट दिसला. त्यानं हात आखडता घेतला.

"काका, हे तं सरकारी मशीन आहे. वरतून लॉक. तुमाले कुठी भेटली?"

"विकत घेतली. रीतसर निर्लेखित झालेली आहे."

"तुमी म्हंता, बरोबर असन. पन कागद आना बाप्पा. मागच्या साली आमच्या शेजाऱ्यानं असंच एक मशीन खोललं, अन् सहा महिने जबान्या देत फिरला." दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. तेहतीस वर्षं ज्यानं एक टाचणीसुद्धा घरी आणली नाही, त्याला भर बाजारात चोरीच्या मालासकट उभं राहावं लागलं. मी ताठ मानेनं बाहेर पडलो. फार ताठ राहता येईना, कारण हातात संगणक होता.

मंगळवारी मी माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर आता भावना गवई बसते. हिला नोकरीत पहिली टिप्पणी मी लिहायला शिकवली. तिनं उठून नमस्कार केला, चहा मागवला, पंख्याचं तोंड माझ्याकडे केलं, आणि यंत्र निर्लेखित झाल्याचा दाखला हवा म्हटल्यावर अगदी गोड आवाजात म्हणाली, "देतो ना सर. तुमी फक्त अर्ज द्या."

"भावना, मी तुला ओळखत नाही का?"

"ओळखता सर. पन तुमीच शिकवलं, अर्जाशिवाय कागद हलत नाही."

मी अर्ज दिला. तिनं निर्लेखनाची फाइल काढली आणि यादीवर बोट फिरवत सातव्या क्रमांकाला थांबली. तिथे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'ध्वनी बंद. पाहा टिप्पणी मार्च २०१३.' भावनानं कपाटातून दुसरी फाइल आणली, पान उघडलं, वाचलं, आणि ती माझ्यापुढे सरकवली. खाली सही माझी होती.

तो दिवस मला तत्काळ आठवला. विसरलो नव्हतोच, फक्त त्याच्या वाटेला जात नव्हतो. वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले होते. त्या वेळी आमच्याकडे पियुष भुयार नावाचा एक कंत्राटी ऑपरेटर होता, धारणीकडचा. घरची आठवण येते म्हणून त्यानं आपल्या बकरीचा आवाज मोबाइलवर भरून आणला होता आणि संगणकात अशी योजना केली होती की फाइल जतन झाली की बकरी ओरडायची. एरवी तो आवाज अगदी बारीक ठेवायचा. त्या दिवशी कुणाचा तरी धक्का लागून तो मोठा झाला असावा. मी साहेबांसमोर उभा राहून सांगत होतो, "सर, या कार्यालयात एकही प्रकरण प्रलंबित नाही," आणि माझ्या मागून बकरी ओरडली. साहेब हसले. मग सगळं ऑफिस हसलं. शिपाईसुद्धा हसला.

त्याच संध्याकाळी मी टिप्पणी लिहिली. 'सबब, कार्यालयातील सर्व अकरा संगणकांचा ध्वनी कायमस्वरूपी बंद करून तो कोणत्याही व्यक्तीस पुन्हा सुरू करता येणार नाही अशी तजवीज करण्यात यावी. संबंधित ऑपरेटरला लेखी समज देण्यात यावी.' आवाज बंद करायचं कामही मी पियुषलाच लावलं. त्यानं एकेका यंत्रापुढे बसून मुकाट्यानं आवाज बंद केला आणि वर पासवर्डाचं कुलूप घातलं. तीन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. मी त्या फाइलीत आता पळवाट शोधू लागलो. एकही नव्हती. फार चांगली टिप्पणी होती. आणि मला तिची इतकी लाज वाटली की भावनानं पुढे केलेला चहा मी साखर न हलवताच प्यालो.

"पियुष आता नांदगाव पेठेले आहे सर," भावना म्हणाली. "कपड्याच्या कंपनीत. तठले सगळे कॉम्प्युटर त्याच्याच हाताखाली आहेत."

बुधवारी मी नांदगाव पेठेत त्या कंपनीच्या शेडमध्ये उभा होतो. शेकडो यंत्रं एकाच वेळी धडधडत होती. पियुष समोर आला. केस थोडे मागे सरलेले, गळ्यात ओळखपत्र. त्यानं मला ओळखलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण त्या गोंधळात माझा एकही शब्द त्याला ऐकू जाईना. शेवटी मी गळ्याच्या शिरा ताणून, जमलेल्या आठ-दहा कामगारांच्या देखत ओरडलो, "मले माझा आवाज परत पाहिजे."

त्यानं मला कँटीनमध्ये नेलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अर्ज आनला काय सर?"

"अर्ज?"

"दोन प्रतीत लागते. आपल्याच ऑफिसची रीत आहे."

तो हसत नव्हता. मी कँटीनच्या टेबलावर, चहाचे डाग चुकवत, अर्ज लिहिला. विषय: संगणकाचा ध्वनी पूर्ववत करणेबाबत. मजकूर नेटका उतरला. पियुषनं तो घेतला आणि अगदी सावकाश, 'आपला विश्वासू'पर्यंत वाचला. तीन वर्षांत माझं लिहिलेलं किंवा बोललेलं शेवटापर्यंत नेणारा हा पहिला माणूस, आणि तो हा निघावा.

"त्रुटी आहे सर," तो म्हणाला. "ध्वनी कोनी बंद केला, ते लिहिलं नाही."

मी कागद परत घेतला. 'सदर ध्वनी अर्जदाराच्याच टिप्पणीनुसार बंद करण्यात आला असून त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे,' असं लिहिलं आणि बाजूला सही केली. पियुषनं एक प्रत घडी करून खिशात ठेवली. "शुक्रवारी मले दुपारची पाळी आहे. नऊ वाजता येतो," म्हणाला.

गुरुवारी चंद्रभाननं तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यानं मला अगदी सहज विचारलं की समजा त्यालाच बोलावं लागलं, तर सुरुवात कशी करावी. मी सांगितलं, 'सबब' सोडून कशानंही कर.

शुक्रवारी पियुष बरोबर नऊला आला. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, आतून बटणाएवढी एक बॅटरी काढली आणि ती टेबलावर ठेवून पोहे खाल्ले. दहा मिनिटांनी बॅटरी परत बसवली आणि यंत्र सुरू केलं. भोंग्यावरची लाल फुली गेली होती. स्पीकरमधून एक लहानसा सूर आला. तांदळाचा एक दाणाही आला. नत्थुजी आणि रुख्मिणीताई दाराशी उभे राहून बघत होते.

"पासवर्ड आठवला तुम्हाला?" मी विचारलं.

"पासवर्ड मले कुठी आठवते सर. बारा वर्षं झाले. बॅटरी काढली की यंत्र सगळंच विसरते."

"मग हे कुणीही करू शकलं असतं. अर्ज कशाला घेतला?"

"वाचाचा व्हता," पियुष म्हणाला आणि पोह्यांची बशी आत नेऊन ठेवली.

यंत्र खरंच सगळं विसरलं होतं. त्याच्या हिशेबानं आज एक जानेवारी दोन हजार नऊ होता. मी पुन्हा भर नोकरीत होतो, आणि त्यामुळे प्रशिक्षण केंद्र मला आत घेईना. पियुषनं तारीख चालू सालावर आणली. साडेदहाला मी जोडला गेलो, तर चंद्रभान टाय लावून आधीच तिथे बसलेला.

"देवमनजी, येऊन राहिला काय माझा आवाज?"

"स्वच्छ येऊन राहिला चंद्रभानजी," मी म्हणालो. त्यानं टाय सैल केला.

अकरा वाजता मी सुरू झालो. बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान, कूलर बंद, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बेचाळीस पानं मी तयार केली होती. टिप्पणी म्हणजे काय, समास किती सोडावा, 'विचाराधीन' आणि 'कार्यवाहीत' यांत फरक कोणता. मी एक तास दहा मिनिटं बोललो. मध्ये कुणी उठलं नाही, कुणी दूध पाहायला गेलं नाही. शेवटी मी विचारलं, "काही शंका?" काहीच आलं नाही. पुन्हा विचारलं. मी घाबरून स्टुलावर बसलेल्या पियुषकडे पाहिलं.

"आवाज चालू आहे सर," तो हळूच म्हणाला. "तेच बोलून नाही राहिले."

तेव्हा मी पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. चाळीस चौकोन होते. त्यांतल्या बाविसात नुसती नावं. एकात छताचा पंखा. एकात कुणीतरी भाजी निवडत होतं. मला उन्हापेक्षा जास्त झळ लागली. हजेरीसाठी बसलेली माणसं होती ती, आणि मी त्यालाच ऐकणं समजून एक तास दहा मिनिटं सुखात होतो.

एवढ्यात एक मुलगी बोलली. धारणीहून, दामिनी नावाची. "सर, तुमची एखादी टिप्पणी चुकली काय कधी?"

माझं उत्तर तयार होतं. तेहतीस वर्षांत एकही नाही. तोंड उघडलं, आणि बाजूच्या स्टुलावर पियुष जमिनीकडे बघत बसलेला दिसला.

"एक चुकली," मी म्हणालो. आणि बेचाळीस पानं बाजूला ठेवून बकरीची हकीकत सांगायला लागलो. तपासणी सांगितली, साहेब सांगितले, 'एकही प्रकरण प्रलंबित नाही' सांगितलं. चौकोनांत एकेक चेहरा उगवू लागला. पंखा दिसत होता तिथे मिशीवाला एक जण आला. भाजी राहिली. बकरी ओरडली तिथे चाळीसच्या चाळीस माइक उघडे झाले आणि स्पीकर हसण्यानं थडथडायला लागले. मग मी टिप्पणी शब्दशः म्हणून दाखवली, आणि ती लिहून मी एका माणसाशी कसा वागलो तेही सांगितलं. हसू थांबलं, पण एकही चेहरा चौकोनातून गेला नाही. मी स्टूल ओढून पियुषला पडद्यासमोर घेतलं. "हेच ते पियुष भुयार. आज आवाज यांच्यामुळं आहे."

"सर, बकरी ओरडत कशी व्हती?" मिशीवाल्यानं विचारलं.

पियुषनं जुन्या सवयीनं माझ्याकडे परवानगीसाठी पाहिलं. मी मान हलवली. त्यानं घसा खाकरला आणि अशी हुबेहूब बकरी काढली की चंद्रभानसुद्धा टेबलावर डोकं ठेवून हसताना दिसला. दुपारी एक वाजेपर्यंत कुणी गेलं नाही. हजेरी कधीची घेऊन झाली होती.

जेवणाची पानं मांडत असलेल्या सुंदराबाई तो गलका ऐकून दारात आल्या होत्या. संगणक बंद झाल्यावर त्यांनी हात पुसत विचारलं, "काय झालं एवढं हसाले?"

"ऑफिसातली एक जुनी गोष्ट सांगितली. बकरीची."

"मले तं कधी सांगतली नाही."

नव्हती सांगितली. घरी मी फक्त जिंकलेल्या गोष्टी सांगत आलो, आणि त्या सगळ्या साधारण सारख्याच असायच्या. सुंदराबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. नत्थुजी दुसऱ्यांदा ऐकायला सरसावून बसले. मी सांगायला लागलो: मार्च महिना होता, साहेब येणार म्हणून मी सकाळी आठलाच ऑफिसात गेलो होतो. आणि सवयीनं थांबलो, कारण इतक्यात कुणीतरी मध्ये बोलतंच.

कुणी बोललं नाही. गॅसवर कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी सुंदराबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मंग?" त्या म्हणाल्या.